परफ्यूम बनवता येत नाही, तरी परफ्यूमचा ब्रँड उभा केला! 'झूऑलॉजिस्ट'ची गोष्ट नेमकी काय आहे?

परफ्यूमच्या दुकानात गेलात आणि दुकानदाराने 'वटवाघूळ' नावाची बाटली समोर ठेवली, तर घ्याल का? बरं, वटवाघूळ नको असेल तर शेजारी गेंडा आहे, उंट आहे, माकड आहे. अगदी टी-रेक्स डायनासोरसुद्धा आहे. प्रत्येक बाटलीवर तो तो प्राणी जुन्या इंग्रजी थाटाचे कपडे घालून, फोटो काढायला बसल्यासारखा ऐटीत बसलेला.

ही थट्टा नाही. 'झूऑलॉजिस्ट परफ्यूम्स' हा कॅनडातल्या टोरोंटो शहरातला ब्रँड आहे. २०१३ मध्ये सुरू झाला. त्यांच्या 'बॅट' म्हणजे वटवाघूळ या परफ्यूमने २०१६ साली 'आर्ट अँड ऑल्फॅक्शन' हा पुरस्कार जिंकला. या स्पर्धेत परीक्षकांना बाटली, नाव, ब्रँड काहीही कळू दिलं जात नाही. समोर येतो तो फक्त वास.

आता यातली खरी गंमत. ब्रँडचे संस्थापक व्हिक्टर वाँग हे परफ्यूमर नाहीत. केमिस्टही नाहीत. त्यांचं काम होतं व्हिडिओ गेम्सच्या डिझाइनचं आणि छंद होता परफ्यूम जमवण्याचा.

मग ज्याला स्वतःला परफ्यूम बनवता येत नाही, तो परफ्यूमचा ब्रँड कसा काय काढतो? त्या बाटलीतला वास नक्की कुणाचा? आणि आपल्याकडे असं काही करायचं म्हटलं तर काय लागतं? एकेक करून बघू.

आधी हे समजून घ्या : मोठ्या ब्रँडचा परफ्यूम बनतो कसा?

आपल्याला वाटतं की ज्या कंपनीचं नाव बाटलीवर आहे, तिनेच आतला वास तयार केला असेल. बहुतेक वेळा तसं नसतं. जिवोदाँ, डीएसएम-फर्मेनिक, आयएफएफ, सिमराइज अशा मोजक्या मोठ्या कंपन्या जगभरातल्या ब्रँडसाठी सुगंध तयार करून देतात. ब्रँड त्यांना एक टिपण पाठवतो. कोणत्या वयाचा ग्राहक हवा, भाव काय ठेवायचा, वास कसा हवा, हे त्यात असतं. वेगवेगळ्या कंपन्यांचे परफ्यूमर आपापले नमुने देतात. मग ग्राहकांवर चाचण्या होतात. ज्या नमुन्याला कमीत कमी लोक नाक मुरडतात, तो पुढे जातो.

यातून वाईट परफ्यूम येतात असं नाही. पण धाडसी परफ्यूम येणं अवघड होतं. लाखो बाटल्या विकायच्या असतील तर वटवाघळाच्या गुहेचा वास कोण मंजूर करणार?

परफ्यूमरचं नावही बराच काळ ग्राहकाला माहीत नसायचं. २००० साली फ्रान्समध्ये फ्रेदेरिक माल यांनी यात एक मोठा बदल केला. त्यांनी स्वतःला परफ्यूमचा 'प्रकाशक' म्हणवून घेतलं आणि पुस्तकावर लेखकाचं नाव छापतात तसं बाटलीवर परफ्यूमरचं नाव छापलं. माल यांचे आजोबा क्रिस्तियाँ दिओर परफ्यूम्सचे संस्थापक होते, त्यामुळे या धंद्यातली ओळखपाळख घरचीच होती.

याच सुमारास लहान, स्वतंत्र ब्रँडची संख्या वाढू लागली. त्यांना 'निश' किंवा 'इंडी' परफ्यूम म्हणतात. उत्पादन थोडं, चाचण्या नाहीत आणि ग्राहक मोजके पण दर्दी.

संग्राहक म्हणजे नुसता बाटल्या जमवणारा माणूस नव्हे

हे दर्दी ग्राहक म्हणजेच संग्राहक. जुनी नाणी जमवणारा माणूस नाण्याच्या कडेवरून टांकसाळ सांगतो. परफ्यूमच्या संग्राहकाचंही तसंच असतं. शेकडो वास घेऊन त्याच्या नाकाला सवय झालेली असते. एखाद्या परफ्यूममध्ये काय कमी पडलंय, कुठला घटक उगाच घातलाय, तीन तासांनी अंगावर काय उरतं, हे त्याला चटकन समजतं. सगळ्या बाटल्या विकत घेणं परवडत नाही, म्हणून हे लोक दोन-तीन मिलीच्या छोट्या शिश्यांमधून अदलाबदल करतात.

पण चांगलं काय हे ओळखता येणं वेगळं आणि चांगलं बनवता येणं वेगळं. परफ्यूमरला शेकडो कच्चे पदार्थ नाकाने पाठ असावे लागतात. कुठला पदार्थ किती वेळ टिकतो, कशात मिसळला की बिघडतो, कुठल्याची किती मात्रा त्वचेला चालते, हे सगळं शिकायला काही वर्षं जातात. फ्रान्समध्ये व्हर्सायला इसिप्का नावाची संस्था १९७० पासून खास याच विद्येसाठी आहे.

वाँग यांनी सगळं सोडून परफ्यूमरी शिकायचा मार्ग घेतला नाही. त्यांनी सरळ परफ्यूमर शोधले. तेही मोठ्या कंपन्यांतले नाहीत, तर आपल्यासारखेच स्वतंत्र, छोट्या जागेत काम करणारे.

मग वाँग यांनी केलं काय?

२०१४ मध्ये पहिले तीन परफ्यूम आले. बीव्हर, पांडा आणि ऱ्हायनॉसरॉस, म्हणजे गेंडा. बीव्हर हा झाडं कुरतडून नदीवर बांध घालणारा प्राणी, कॅनडाचं राष्ट्रीय प्रतीक. पहिला बीव्हर ब्रिटिश परफ्यूमर ख्रिस बार्टलेट यांनी बनवला, तर पांडा आणि गेंडा अमेरिकेतल्या पॉल कायलर यांनी.

पुढच्या यादीत तर फारच वेगवेगळी माणसं आहेत. 'मकाक' या माकडाचा परफ्यूम लंडनच्या सारा मॅकार्टनी यांचा. त्या आधी 'लश' या साबण-सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीसाठी लेखन करायच्या. 'टायरॅनोसॉरस रेक्स' इटलीच्या अंतोनियो गार्दोनी यांचा, ते शिक्षणाने आर्किटेक्ट. 'नाइटिंगेल' जपानच्या तोमू इनाबा यांचा.

प्राणी कुठला घ्यायचा, त्याची कुठली बाजू दाखवायची, कुठला परफ्यूमर निवडायचा, आलेल्या नमुन्यातला कुठला परत पाठवायचा, काय बदलायला सांगायचं आणि कुठे थांबायचं, हे निर्णय वाँग यांचे. बाटली, लेबल, नाव, भाव, विक्री हीसुद्धा त्यांचीच बाजू.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर दिवाळी अंकाचा संपादक आठवा. अंकातली एकही कथा त्याने लिहिलेली नसते. पण कुणाला लिहायला सांगायचं, कुठली कथा परत करायची, हे तो ठरवतो. चांगला अंक चाळताना संपादकाची आवड पानोपानी जाणवते. झूऑलॉजिस्टचं तसंच आहे. परफ्यूमर बदलतात, पण हा परफ्यूम कुठल्या घरातला, ते ओळखू येतं.

वटवाघळाचा परफ्यूम जिंकला कसा?

'बॅट' बनवला एलन कोव्ही यांनी. त्या अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये प्राध्यापक होत्या आणि त्यांच्या संशोधनाचा विषयच वटवाघळं हा होता. वटवाघळाच्या मेंदूला आवाजावरून दिशा कशी कळते, याचा त्यांनी अभ्यास केलेला. जोडीला त्या ऑर्किडची रोपं वाढवायच्या आणि 'ऑलिम्पिक ऑर्किड्स' नावाने स्वतःचे परफ्यूमही बनवायच्या. म्हणजे गुहेतल्या वटवाघळाजवळ जाऊन आलेली आणि परफ्यूमही बनवता येणारी बाई! अशी व्यक्ती शोधून तिच्याकडून हे काम करून घेणं, यातच संग्राहकाची नजर दिसते.

या परफ्यूममध्ये वटवाघळाच्या अंगाचा वास नाही. त्यात त्याचं जग आहे. पिकून गेलेली केळी, अंजीर, ओली माती, गुहेतला थंड दगड.

त्यातल्या ओल्या मातीकडे जरा थांबून बघू, कारण तिथे आपला थेट संबंध येतो. पहिल्या पावसात मातीचा जो वास येतो, त्याला मुख्यतः जिऑस्मिन नावाचं रसायन कारणीभूत असतं. मातीतले सूक्ष्मजीव ते तयार करतात. आपलं नाक ते इतक्या कमी प्रमाणात ओळखतं की विश्वास बसत नाही. एक लाख कोटी भागांत पाचेक भाग असले तरी पुरतात.

या पावसाच्या वासाला 'पेट्रिकोर' हे नाव १९६४ मध्ये इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी दिलं. त्यांच्या लेखात भारताचा उल्लेख आहे. उत्तर प्रदेशात हा वास आधीपासूनच अत्तर म्हणून विकला जातो, असं त्यांनी नोंदवलं होतं. ते म्हणजे कनौजचं मिट्टी अत्तर. भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या डेगमध्ये पाण्यासोबत तापवायचे आणि निघणारी वाफ चंदनाच्या तेलात जिरवायची. शास्त्रज्ञांनी नाव ठेवलं, पण कनौजच्या कारागिरांनी तो वास त्याआधीच कुपीत भरला होता.

प्राण्यांच्या नावाचा परफ्यूम, मग प्राण्यांचं काय?

हा प्रश्न इथे महत्त्वाचा आहे, कारण परफ्यूमचा इतिहास प्राण्यांच्या बाबतीत स्वच्छ नाही. चार प्राणिज पदार्थ या धंद्यात शतकानुशतकं वापरले गेले.

पहिली कस्तुरी. हिमालयातल्या आणि मध्य आशियातल्या कस्तुरीमृगाच्या फक्त नराच्या पोटाशी ही ग्रंथी असते. एका ग्रंथीतून साधारण २५ ग्रॅम कस्तुरी मिळते. म्हणजे एक किलोसाठी चाळीसेक नर. शिवाय फासे लावले की त्यात माद्या आणि पिल्लंही अडकतात.

दुसरा सिव्हेट, म्हणजे जवादी मांजराच्या ग्रंथीतला स्राव. इथिओपियात ही जनावरं अरुंद पिंजऱ्यात ठेवून ठरावीक दिवसांनी तो खरवडून काढला जातो. तिसरा कॅस्टोरियम, बीव्हरच्या ग्रंथीतला. आणि चौथा अंबरग्रीस. कोकणातल्या बातम्यांमुळे हा आपल्याला 'व्हेल माशाची उलटी' म्हणून माहीत आहे. हा पदार्थ स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतो. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याकडे तो बाळगणं किंवा विकणं गुन्हा आहे. म्हणूनच पोलिसांच्या कारवाईच्या बातम्या येत राहतात.

हे पदार्थ हवे कशाला? नुसते हुंगले तर सिव्हेट किंवा कॅस्टोरियम नकोसे वाटतात. पण अगदी थोडे मिसळले की फुलांच्या वासाला ऊब येते आणि तो अंगावर जास्त वेळ टिकतो.

यावर उपाय रसायनशास्त्राने दिला. १८८८ मध्ये आल्बर्ट बाउर हे स्फोटकांवर काम करत होते. एका नव्या रसायनाला कस्तुरीसारखा वास येतोय असं त्यांच्या लक्षात आलं आणि कृत्रिम कस्तुरीचा जन्म झाला. पुढे १९२६ मध्ये लिओपोल्ड रुझिच्का यांनी खऱ्या कस्तुरीतल्या आणि सिव्हेटमधल्या मुख्य रेणूंची रचना उलगडली. त्यांना १९३९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

झूऑलॉजिस्टने कस्तुरी, सिव्हेट, कॅस्टोरियम यांच्या जागी कृत्रिम पर्याय वापरायचं ठरवलं. त्यांच्या यादीत 'सिव्हेट' नावाचा परफ्यूम आहे, पण त्यासाठी कुठलंही मांजर पिंजऱ्यात नाही. ज्या धंद्याने प्राण्यांना कच्चा माल मानलं, त्याच धंद्यात प्राणी नायक होऊन लेबलवर बसले, असंही याकडे बघता येईल.

पण वासाचा मालक कोण?

आता अडचणीचा भाग. कल्पना वाँग यांची, फॉर्म्युला परफ्यूमरचा. उद्या दोघांचं जमलं नाही तर? किंवा एखादा घटक मिळेनासा झाला तर?

झूऑलॉजिस्टच्या पहिल्या तिन्ही परफ्यूमच्या पुढे नव्या आवृत्त्या आल्या. पुरस्कार जिंकलेला 'बॅट'सुद्धा २०२० मध्ये नव्या रूपात आला आणि तो बनवला थायलंडच्या प्रिन लोमरोस यांनी. नाव तेच, प्राणी तोच, पण वास दुसऱ्या माणसाचा. संग्राहकांना हे लागतं. आवडलेलं गाणं त्याच नावाने दुसऱ्याच चालीत ऐकायला मिळावं, तसं काहीसं.

कायदा काय म्हणतो? इथे एक मजेदार घटना सांगायलाच हवी. जून २००६ मध्ये एकाच आठवड्यात युरोपातल्या दोन सर्वोच्च न्यायालयांनी उलटसुलट निकाल दिले. १३ जूनला फ्रान्सच्या न्यायालयाने म्हटलं की परफ्यूमचा वास हे तांत्रिक कौशल्याचं फळ आहे, त्याला लेखक-कलाकारांसारखा कॉपीराइट मिळणार नाही. तीनच दिवसांनी, १६ जूनला, नेदरलँड्सच्या न्यायालयाने लांकोम कंपनीच्या 'त्रेझोर' परफ्यूमच्या प्रकरणात म्हटलं की वासालाही कॉपीराइट असू शकतो. गंमत म्हणजे परफ्यूमची राजधानी मानल्या जाणाऱ्या फ्रान्सनेच नकार दिला.

त्यामुळे व्यवहारात फॉर्म्युला गुपित ठेवणं हेच मुख्य संरक्षण उरतं. आणि गुपित ज्याच्या वहीत, त्याचं पारडं जड. म्हणून परफ्यूमरकडून काम करून घेताना फॉर्म्युला कुणाचा, पुढे बदलायचा हक्क कुणाला, नाव कुठे छापायचं, हे कागदावर आधीच लिहून घेणं सगळ्यात महत्त्वाचं.

फॉर्म्युला बदलण्यामागे प्रत्येक वेळी भांडणच असतं असं नाही. नियमही बदलतात. फुलांच्या वासासाठी सर्रास वापरलं जाणारं लिलियाल हे रसायन युरोपीय संघाने १ मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केलं. असा एक घटक गेला की मोठ्या कंपनीची प्रयोगशाळा कामाला लागते. छोट्या ब्रँडला पुन्हा परफ्यूमरच्या दारात जावं लागतं.

धंद्याचं गणित कुठे अडतं?

परफ्यूमच्या धंद्यात तीन गोष्टी छोट्या माणसाला जड जातात.

एक, वास स्क्रीनवर दाखवता येत नाही. म्हणून छोटे ब्रँड आधी नमुन्याच्या शिश्या विकतात. आवडला तर मोठी बाटली. नमुन्यात नफा फारसा नसतो, पण तेच खरं दुकान. लेबलवरचा कोट घातलेला प्राणीही इथेच कामाला येतो. वास कळायच्या आधी बोट थांबतं ते त्याच्यावर.

दोन, काच. बाटली, झाकण, पंप, खोका हे सगळं घाऊक घ्यावं लागतं. परफ्यूम शंभर बाटल्यांचा बनवता येतो, पण बाटल्या बनवणारा शंभरासाठी साचा काढत नाही. म्हणून बरेच ब्रँड सगळ्या परफ्यूमना एकच बाटली ठेवतात आणि फक्त लेबल बदलतात. झूऑलॉजिस्टनेही तेच केलं.

तीन, वाहतूक. परफ्यूममध्ये अल्कोहोल असतं आणि ते पेट घेतं. त्यामुळे विमानाने पाठवताना तो धोकादायक माल मानला जातो. परदेशी ग्राहकाला एक बाटली पाठवणंही सोपं राहत नाही.

म्हणूनच वाँग यांनी नोकरी सांभाळत सुरुवात केली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आपल्याकडे करायचं म्हटलं तर?

भारतात परफ्यूम हे कायद्याने सौंदर्यप्रसाधन आहे. त्याला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे कॉस्मेटिक्स रूल्स लागू होतात. घरच्या स्वयंपाकघरात मिसळून विकायला काढणं कायद्यात बसत नाही. उत्पादनासाठी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून, म्हणजे महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडून, परवाना लागतो. स्वतःचा कारखाना नसेल तर 'लोन लायसन्स'ची सोय आहे. म्हणजे परवाना असलेल्या दुसऱ्याच्या कारखान्यात आपला माल बनवून घ्यायचा. लेबलवर घटक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक हवाच. अल्कोहोल वापरायचं असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचे नियमही बघावे लागतात.

शिकायचं असेल तर फ्रान्सच गाठायला हवं असं नाही. मुलुंडच्या वझे महाविद्यालयात परफ्यूमरी आणि कॉस्मेटिक्सचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे. हे महाविद्यालय केळकर एज्युकेशन ट्रस्टचं आहे. केळकर म्हणजे तेच, ज्यांची एस. एच. केळकर ही सुगंधांची कंपनी १९२२ पासून मुंबईत आहे. मराठी माणसाने सुगंधाच्या धंद्यात शंभर वर्षांपूर्वीच पाय रोवला, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत नसतं. कनौजला केंद्र सरकारचं फ्रेग्रन्स अँड फ्लेवर डेव्हलपमेंट सेंटर आहे, तिथेही प्रशिक्षण मिळतं.

आणि नाक तयार करायला तर पैसेही लागत नाहीत. मोहम्मद अली रोडवरच्या अत्तराच्या दुकानात जा. वाळा, हिना, केवडा, मिट्टी यांचा एकेक थेंब मनगटावर लावून बघा. लगेच काही ठरवू नका. तासाभराने पुन्हा हुंगा, घरी गेल्यावर पुन्हा हुंगा आणि काय बदललं ते वहीत लिहून ठेवा.

थोडक्यात काय?

वाँग यांची गोष्ट 'छंदातून करोडपती' छापाची नाही. त्यांना काय येतं आणि काय येत नाही, हे त्यांनी नीट ओळखलं. नाक होतं, आवड होती, चित्रांची आणि डिझाइनची समज होती. मिश्रण करता येत नव्हतं. ते ज्यांना येतं त्यांच्याकडे ते गेले आणि त्यांचं नाव जाहीरपणे घेतलं.

मग वास कुणाचा, हा प्रश्न उरतोच. न्यायालयांनाही त्याचं एक उत्तर देता आलेलं नाही. पण ग्राहक म्हणून एक गोष्ट आपल्याला करता येते. पुढच्या वेळी एखादा परफ्यूम आवडला की बाटलीवरच्या ब्रँडवर थांबू नका, तो बनवला कुणी तेही शोधा. बहुतेक वेळा ते नाव सापडतं. आणि एकदा सापडलं, की त्याच माणसाने बनवलेले आणखी दहा वास तुमची वाट बघत असतात. संग्राहक होण्याची सुरुवात बहुधा अशीच होते.